हातउसने पैसे आणि ‘छोट्या रकमांचं कोर्ट’

प्रश्न कराडहून आलाय. थोडक्यात असा: कॉलेजातल्या मित्राला १४ ऑगस्ट २०२३ रोजी १ लाख ८० हजार रुपये हातउसने दिले. दीड लाख एनईएफटीने त्याच्या खात्यावर, तीस हजार रोख. लिहून काही घेतलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याने २० हजार गूगल पेवर परत केले. मग ‘पुढच्या महिन्यात बघतो’ सुरू झालं आणि आता तो फोनच उचलत नाही. तो हडपसरला राहतो, एका कंपनीत नोकरीला आहे. पोलीस ठाण्यातून ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ म्हणून परत पाठवलं. परदेशात असतं तसं छोट्या रकमांचं कोर्ट आपल्याकडे आहे का, वकिलाशिवाय जाता येतं का, आणि त्याने कबूल केलेलं महिना दीड टक्का व्याज मिळेल का?

मी बावीस वर्षं सातारा-सांगली भागातल्या तालुका आणि जिल्हा कोर्टांत दिवाणी कामं चालवते. असा पक्षकार महिन्यातून एखादा तरी ऑफिसात येऊन बसतो. तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात आधी दिसली ती तारीख, १४ ऑगस्ट २०२३. आज एप्रिल संपत आलाय. म्हणजे तुमच्या हातात साडेतीन महिने आहेत, आणि त्यातला मे महिना कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीत जाणार. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण सगळं गणित तिथेच आहे.

आधी कोर्टाचं. आपल्याकडे लघुवाद न्यायालय नावाचं कोर्ट आहे, आणि तेही जुनं. मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठी १८८२ चा कायदा, बाकी भागासाठी १८८७ चा. पण नावावर जाऊ नका. मुंबईत धोबी तलावला लघुवाद न्यायालयाची इमारत आहे, तिथे सकाळी गेलात तर घरमालक-भाडेकरूंचीच गर्दी दिसेल. पैशाच्या दाव्यांसाठी त्या कोर्टाची मर्यादा अवघी दहा हजार रुपये. पुण्यातल्या लघुवाद न्यायालयातही मुख्य काम भाड्याच्या दाव्यांचंच. एक फॉर्म भरला, एका तारखेला दोघं हजर राहिले आणि तासाभरात निकाल लागला, हे जे आपण मालिकांत पाहतो, तशी सोय आपल्याकडे नाही. तुमचा दावा जाईल तो साध्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे. पाच लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. नंबर पडेल ‘रे.मु.नं.’, म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर म्हणून, आणि शेजारी जमीनवाटपाचे, बांधाचे दावे असतील. तुमचे पैसे त्या रांगेत उभे राहणार, हे मनाशी धरूनच पुढे चला.

वकिलाशिवाय जाता येतं. पक्षकाराने स्वतः आपला दावा चालवायला कायद्याची आडकाठी नाही. पण हा सल्ला मी सरसकट देत नाही. प्रॉमिसरी नोट हातात असेल, समोरचा हजरच होणार नाही अशी खात्री असेल, तर धीराचा माणूस स्वतः निभावून नेतो. तुमच्यासारखं तोंडी व्यवहाराचं प्रकरण असेल तर उलटतपासात माणूस अडखळतो. निदान वादपत्र, म्हणजे कोर्टात द्यायचा लेखी दावा तरी वकिलाकडून लिहून घ्या, कारण त्यात राहून गेलेली गोष्ट पुढे पुराव्यात आणता येत नाही. पक्षकार स्त्री असेल तर उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हेही जाता जाता सांगते. बऱ्याच जणींना ते ठाऊकच नसतं.

दावा कराडला करायचा की पुण्याला? प्रतिवादी राहतो किंवा नोकरी करतो तिथे करता येतो, आणि व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथेही करता येतो. पैसे तुमच्या कराडच्या खात्यातून गेले, रोख रक्कम कराडात दिली असेल तर प्रश्नच नाही. मी कराडलाच करीन. पुण्याला केलात तर दर तारखेला हडपसर-शिवाजीनगर असं ट्रॅफिकमध्ये बसायची वेळ त्याच्या नाही, तुमच्या वाट्याला येईल, आणि तिसऱ्या तारखेला तुमचाच उत्साह मावळेल. वसुलीच्या वेळी हुकूमनामा, म्हणजे निकालानंतरचा कोर्टाचा आदेश, पुण्याला वर्ग करून घ्यावा लागेल, ते तेव्हा बघू.

आता मुदत. हातउसन्या पैशांच्या दाव्याला मुदत कायदा तीन वर्षं देतो, आणि ती मोजायची पैसे दिल्याच्या दिवसापासून. ‘मागेन तेव्हा द्यायचे’ असं ठरलं असेल तरीही पैसे दिल्याच्याच दिवसापासून. पुष्कळ लोकांचा समज असतो की शेवटचं मागितलं तेव्हापासून किंवा त्याने नकार दिला तेव्हापासून तीन वर्षं मोजायची. तसं नाही. तुमची मुदत १४ ऑगस्ट २०२६ ला, शुक्रवारी, संपते. आणि एक दिवस जरी उशीर झाला तरी अपिलात चालतो तसा उशीरमाफीचा अर्ज मूळ दाव्याला चालत नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने स्वतःहून दावा काढून टाकायचा, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

इथे तुम्ही म्हणाल, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याने वीस हजार दिले ना? त्याने नव्याने तीन वर्षं मिळत नाहीत का? मिळतात, पण अट आहे. नुसती परतफेड पुरत नाही. ती केल्याची नोंद परतफेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने हवी. देणं कबूल करणाऱ्या पत्राचंही तसंच आहे, त्यावर सही हवी आणि ते मुदत संपण्याआधीचं हवं. गूगल पेची नोंद किंवा ‘दिवाळीनंतर नक्की देतो भावा’ हा व्हॉट्सॲप मेसेज सही म्हणून धरता येतो का, यावर वाद घालता येतो. मी स्वतः दोन्ही बाजूंनी घातलाय. म्हणूनच माझा नियम असा: ज्या मुद्द्यावर वाद होऊ शकतो त्याच्या भरवशावर मुदत सोडायची नाही. सगळ्यात आधीची तारीख धरायची आणि तिच्या आत दावा टाकायचा. बाकीचं युक्तिवादाला ठेवायचं.

म्हणून कोर्टाआधी एक प्रयत्न करा: त्याच्याकडून एक कागद मिळवा. पैसे नव्हे, कागद. फोन उचलत नसला तरी कॉलेजातला कोणीतरी सामाईक मित्र असेल, त्याच्या घरातलं कोणी मोठं माणूस असेल, त्यांना मध्ये घाला. भांडण काढू नका. ‘तुझी अडचण मला समजते, हप्ते पाड, पण लिहून दे’ एवढंच म्हणा. देणेकऱ्याला पैसे देण्यापेक्षा सही देणं सोपं वाटतं, आणि त्या क्षणी तुम्ही त्याला वेळ देताय असं त्याला वाटत असतं. खरं तर वेळ तुम्हाला मिळत असतो.

कागदाचे दोन प्रकार. एक साधं कबुलीपत्र: ‘१४ ऑगस्ट २०२३ रोजी अमुक यांच्याकडून १ लाख ८० हजार रुपये हातउसने घेतले, पैकी २० हजार परत केले, १ लाख ६० हजार देणे बाकी आहे’, खाली तारीख आणि सही. दुसरी प्रॉमिसरी नोट, आपल्याकडे लोक वचनचिठ्ठीही म्हणतात: ‘मागाल तेव्हा १ लाख ६० हजार रुपये बिनशर्त देईन’. तिच्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प हवाच. कायद्यातला दर अजून पैशांत आहे, पण पोस्टात मिळतो तो एक रुपयाचा लावतात. तिकीट चिकटवून सही त्याच्यावरून आडवी आली पाहिजे, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. गंमत वाटेल, पण या तिकिटापायी गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. इतर दस्तांना मुद्रांक कमी पडला तर दंड भरून ते पुराव्यात घेता येतात. प्रॉमिसरी नोटेला ती सवलत नाही. बिनतिकिटाची नोट म्हणजे नुसता कागद. उलट ‘शंभराच्या बाँडवर लिहून घेतलंय मॅडम’ असं लोक छाती फुगवून सांगतात, तेव्हा मी पहिल्यांदा खालची सही बघते. वजन सहीला असतं, बाँडला नाही.

नोट मिळाली तर तुमचा रस्ता बदलतो. मग साधा दावा न करता समरी सूट करता येतो. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि आपल्याला खरोखर काही बचाव आहे असं दाखवून तो मांडायची परवानगी कोर्टाकडून मागावी लागते. नाही मागितली, किंवा बचाव पोकळ निघाला, तर साक्षीपुराव्याच्या लांब रस्त्याने न जाता हुकूमनामा होतो. आपल्याकडे ‘छोट्या रकमांचं कोर्ट’ या कल्पनेच्या जवळ जाणारं काही असेल तर ते हेच. फक्त त्याला लेखी आधार लागतो. बँकेचा उतारा आणि चॅट एवढ्यावर समरी सूट टाकायला मी धजत नाही.

चेक मिळाला तर आणखी वेगळी गोष्ट. चेक परत आला की परक्राम्य लेख कायद्याचं कलम १३८ लागू होतं आणि ते फौजदारी आहे. तिथे मुदती दिवसांत मोजतात: चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरायचा, परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्यात तुमची फिर्याद. ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात, म्हणजे कराडला. सही त्याची असली की चेक देण्यापोटी दिला असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. २०१८ च्या दुरुस्तीनंतर प्रकरण चालू असतानाच रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट त्याला सांगू शकतं. तेव्हा हप्ते ठरले तर पुढच्या तारखांचे चेक घ्या. आणि एक बारीक युक्ती: पाच हजारांचा पहिला हप्तासुद्धा गूगल पेवर न घेता चेकने घ्या. वटलेल्या चेकवर त्याची सही असते, म्हणजे मुदत वाढवायला लागणारा सहीचा कागद आपसूक तयार होतो.

पण समजा यातलं काहीच मिळालं नाही. मला वाटतं तुमच्या बाबतीत ही शक्यता जास्त, कारण फोन न उचलणारा माणूस सहीला बसत नाही. मग तुमच्याकडे जे आहे त्यावरच दावा उभा करायचा. तोंडी कर्जव्यवहारही कायद्याने वैधच असतो, सिद्ध करणं कठीण असतं इतकंच.

एनईएफटीचा उतारा काय सिद्ध करतो? पैसे त्याच्या खात्यात गेले, एवढंच. का गेले ते नाही. अशा दाव्यांत कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात दिसणारे बचाव ठरलेले असतात: ‘वादीने माझं जुनं देणं फेडलं’, ‘आम्ही मिळून धंदा करणार होतो, ही त्याची गुंतवणूक’, ‘मदत म्हणून दिले, परत करायचं ठरलंच नव्हतं’. या तिन्हींना तुमचं एकच उत्तर असेल, ते म्हणजे तुमच्या दोघांतले मेसेज. ‘देतो’, ‘थोडं थांब’, ‘व्याजासकट देतो’ हे शब्द मदतीला किंवा भागीदारीला जुळत नाहीत. आणि परत आलेले वीस हजार, जे मुदतीसाठी मी भरवशाचे धरले नाहीत, ते इथे सोन्यासारखे आहेत. ज्याला परत करायचे नव्हते त्याने वीस हजार कशाचे पाठवले?

म्हणून आज रात्रीच त्या चॅटचा बॅकअप घ्या. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, आणि ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नका, बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलची डिजिटल ओळखखूण नमूद करावी लागते. वकील ते करवून घेईल, पण मूळ फोनच नसेल तर सगळी पंचाईत. मागे एका पक्षकाराच्या चॅटमध्ये समोरच्याचं नाव ‘पिंट्या टेंपो’ असं सेव्ह होतं, आणि उलटतपासात पहिलाच प्रश्न आला, ‘हा पिंट्या म्हणजे प्रतिवादीच हे कशावरून?’ आम्हाला वाचवलं ते त्याच नंबरवरच्या यूपीआय नोंदीने, कारण तिथे बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. तुमची वीस हजारांची नोंद त्याही कामाला येईल, ती उघडून नंबर आणि नाव दोन्ही दिसेल अशी प्रत काढा.

रोख तीस हजारांचं जरा अवघड आहे. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी एटीएममधून काढले असतील तर उताऱ्यावर ती नोंद दाखवा. ‘तीस मिळाले’ असा एखादा मेसेज असेल तर उत्तमच. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्जाऊ रक्कम रोखीत घेऊ नये असं आयकर कायदा म्हणतो, आणि प्रतिवादीचे वकील हा मुद्दा हमखास काढतात. घाबरू नका. दंडाची तरतूद पैसे घेणाऱ्याला आहे, आणि असा रोख व्यवहार झाला म्हणून देणंच रद्द होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये चेकच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय. पण पुरावाच नसेल तर तीस हजारांसाठी दीड लाखाच्या दाव्याची विश्वासार्हता घालवू नका. खोटं वाटणारी एक ओळ न्यायाधीशांना बाकीच्या ओळींबद्दलही शंका घ्यायला लावते. तीस हजार सोडले, तर फेडीचे वीस हजार कशापोटी जमा धरायचे हेही वादपत्रात सांगावं लागेल. ते मात्र तुमचा जमाखर्च पाहिल्याशिवाय मी इथून सांगू शकत नाही.

व्याजाबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. महिना दीड टक्का म्हणजे वर्षाला अठरा टक्के. तो दर त्याने स्वतः कबूल केला असला तरी लेखी नाही, आणि तुम्ही तो मागितलात की कैफियतीत पुढचं वाक्य ठरलेलं: ‘वादी हा विनापरवाना सावकारी करतो.’ महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही, वर शिक्षेचीही तरतूद आहे. मित्राला एकदा दिलेले हातउसने म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, हे कायद्यानेही बरोबर आहे. पण तुम्ही आणखी दोघातिघांना असेच व्याजाने पैसे दिले असतील तर मला आत्ताच सांगा, मग सगळा विचार वेगळा करावा लागेल. नसतील तर मुद्दल मागा आणि नोटीस दिल्याच्या तारखेपासून साधं, पटेल असं व्याज मागा. नोटिशीत व्याजाची लेखी मागणी केली की त्या तारखेपासून व्याज द्यायचा अधिकार कोर्टाला मिळतो. हुकूमनाम्यानंतर अशा खासगी व्यवहारात सहा टक्क्यांच्या वर मिळत नाही.

नोटिशीवरून आठवलं. दिवाणी दाव्याआधी नोटीस सक्तीची नाही, तरी मी देते. एक पानाची, शांत भाषेतली. तारीख, रक्कम, खाते क्रमांक, परतफेड, बाकी, पंधरा दिवस, एवढंच. ‘फसवणुकीचा गुन्हा दाखल करू, अब्रू चव्हाट्यावर आणू’ असली वाक्यं नकोत. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवता आलं तरच फसवणूक होते, आणि ज्याने वीस हजार परत केले त्याच्याबाबत ते दाखवता येत नाही. पोलिसांनी तुम्हाला परत पाठवलं ते बरोबरच होतं. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव टाकायचा मोहही आवरा. अब्रुनुकसानीची फिर्याद त्याच्या हातात देऊन तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहाल. नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे काउंटरवर पोचपावती हवी असं आठवणीने सांगा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा होऊन परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट तसंच कोर्टात दाखल करायचं असतं.

दावा टाकल्यावर काय होतं ते भराभर सांगते: समन्सचा भत्ता भरायचा, समन्स बजावणी, तीस दिवसांत कैफियत (बहुधा ती नव्वद दिवसांपर्यंत लांबते), मुद्दे, तुमचं शपथपत्र, उलटतपास, त्याचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. तो हजरच झाला नाही तर एकतर्फी. एकतर्फी झालं म्हणून आपोआप जिंकत नाही, पुरावा द्यावाच लागतो. वेळ किती? माझ्याकडच्या अशा दाव्यांत दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत सगळं पाहिलंय. सगळ्यात जास्त वेळ खातं ते समन्स. पत्ता चुकीचा, घर बदललं, दरवाजा बंद. हडपसरचा खरा पत्ता, सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर आत्ताच मिळवून ठेवा, आणि कंपनीचा पत्ताही.

इथवर कागद, मुदत आणि पुरावा झाला. पण ज्या गोष्टीसाठी तुम्ही हे सगळं करणार ती अजून लांब आहे. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. हुकूमनामा हातात आल्यावर दरखास्त, म्हणजे त्याच्या वसुलीचा अर्ज दाखल करावा लागतो, आणि बरीचशी प्रकरणं खरी तिथे थकतात.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका किराणा दुकानदाराच्या दरखास्तीत बेलिफासोबत, म्हणजे कोर्टाचे आदेश बजावणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत स्वतः गेले होते. मोठ्या उमेदीने. दोन खोल्यांचं घर. बेलिफाने टीव्ही लिहायला घेतला तर ऋणकोच्या आईने तो लेकीने दिल्याची पावती काढली. फ्रिज फायनान्सवर, अजून सात हप्ते बाकी. मोटारसायकल वडिलांच्या नावावर. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं जप्त होतच नाहीत, आणि रिवाजाने बाई अंगावरून उतरवत नाही ते मंगळसूत्रासारखे दागिनेही नाहीत. बेलिफाने चहा घेतला, ‘जप्तीयोग्य मालमत्ता मिळून आली नाही’ असा अहवाल लिहिला आणि आम्ही परत आलो. पक्षकाराने रस्त्यात विचारलं, ‘मग आपण जिंकलो म्हणजे काय झालं, मॅडम?’ त्या दिवसापासून वादपत्र लिहायच्या आधी मी पक्षकाराला विचारते, हा माणूस पैसे कशातून देणार?

तुमच्या प्रकरणात या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि म्हणूनच मी दावा करा म्हणते. तो नोकरदार आहे. पगार जप्त होतो. पूर्ण नाही: पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्याच्याकडे राहतात. ढोबळ हिशोब करा. पगार चाळीस हजार असेल तर एक हजार वजा, राहिले एकोणचाळीस, त्याचा तिसरा हिस्सा तेरा हजार. कोर्टाचा आदेश कंपनीला गेला की दरमहा तेरा हजार कापून कोर्टात जमा. एका हुकूमनाम्यापोटी अशी कपात जास्तीत जास्त चोवीस महिने चालते. तुमचे १ लाख ६० हजार तेरा महिन्यांत वसूल होतात. यासाठीच हुकूमनामा पुण्याच्या कोर्टाकडे वर्ग करायचा. खरं सांगायचं तर बरेचदा कपात सुरूही होत नाही. एचआरच्या टेबलावर कोर्टाचं पाकीट पडलं की तडजोडीचा फोन येतो. तो नोकरी सोडून गेला तर मात्र नव्या कंपनीचा माग पुन्हा काढावा लागतो.

दुसरी जागा बँक खातं. २०२३ मध्ये ज्या खात्यात तुम्ही एनईएफटी केली त्याचा क्रमांक, शाखा, आयएफएससी तुमच्या उताऱ्यावर आहे. बेलिफाला टीव्ही शोधायला पाठवण्याऐवजी बँकेलाच थेट आदेश मागता येतो. एका कामात आम्हाला अशाच जुन्या क्रमांकाच्या जोरावर एका फटक्यात ६१ हजार मिळाले, ऋणको ते खातं विसरूनही गेला होता. आणि काहीच सापडत नसेल तर त्याची मालमत्ता काय आहे ते त्याने शपथपत्रावर सांगावं असा अर्ज करता येतो.

‘तुरुंगात टाकता येत नाही का?’ हा प्रश्न येणारच, म्हणून सांगते. दिवाणी कैद कायद्यात आहे, पण ऐपत असून मुद्दाम चुकवणाऱ्यासाठी. नुसती गरिबी हे कैदेचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ठरवलंय. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला तर अटक होतच नाही. घाई मात्र नको वाटली तरी चालेल, दरखास्तीला हुकूमनाम्यापासून बारा वर्षं मिळतात. आज नोकरी नसलेल्या माणसाला चार वर्षांनी असू शकते.

लोकअदालतीचा रस्ता मी मुद्दाम शेवटी ठेवला. दावा न करता, कोर्ट फी न भरता, तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज देता येतो. समितीची नोटीस त्याला जाते, आणि वकिलाच्या नोटिशीला न बधणारी माणसं तिला बधतात. तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. चालू दाव्यात लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. अडचण एकच, दोघांची तयारी लागते. आणि तो अर्ज केल्याने मुदत थांबली असं मात्र धरू नका. माझ्याकडच्या एका सुशिक्षित पक्षकाराने याच समजुतीत अकरा दिवस घालवले आणि दोन लाख दहा हजारांवर पाणी सोडलं.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात बँकेतून शिक्क्याचा उतारा आणि चॅटचा बॅकअप. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मधल्या मित्राकरवी कागदाचा प्रयत्न, सोबत समितीत अर्ज. २० मेपर्यंत सही आली नाही तर वकिलाची नोटीस. जूनमध्ये सुट्टी संपून कोर्ट उघडेल तेव्हा वादपत्र टाइप होऊन तयार पाहिजे, आणि काहीही झालं तरी ३० जूनच्या आत दाखल. सहीचा कागद मिळाला तर दावा थांबवून मला कळवा, तो वाचल्याशिवाय हप्त्यांचं काही कबूल करू नका.